गो-कार्टचा अ‍ॅडजस्टेबल पुढचा अ‍ॅक्सल: आखणीपासून सेटिंगपर्यंत

हा लेख सांगली-मिरज-इस्लामपूर पट्ट्यात कॉलेजच्या स्पर्धेसाठी किंवा हौसेखातर पहिल्यांदाच गो-कार्ट बांधणाऱ्यांसाठी आहे. चेसिस जमते, इंजिन बसते, ब्रेकही लागतो. गाडी ट्रॅकवर गेली की मात्र वळत नाही, आणि मग सगळे स्टिअरिंगला दोष देतात. दोष बहुतेक वेळा पुढच्या अ‍ॅक्सलच्या कोनांत असतो. ते कोन वेल्डिंगने कायमचे पक्के केलेले असले, तर गॅस कटर काढण्याशिवाय इलाज राहत नाही.

खालची मापं अशा कार्टसाठी आहेत: व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) १०५० मिमी, चालकासह वजन १५० ते १७० किलो, ५ इंची रिम, पुढे १० x ४.५०-५ चे टायर, ब्रेक फक्त मागे. पुढच्या चाकांना डिस्क लावणार असाल तर स्टब (ज्यावर चाक बसतं तो दांडा) आणि ब्रॅकेट (स्टब धरणारी, चेसिसला जोडलेली चौकट) दोन्ही याहून जाड लागतील. मग ही मापं जशीच्या तशी उचलू नका.

१. आधी कारण समजून घ्या

कार्टला डिफरन्शियल नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असतात आणि एकाच वेगाने फिरतात. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, पण दांडा तसं करू देत नाही. त्यामुळे गाडी सरळ जायला बघते. यावर उपाय एकच, वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं पाहिजे.

ते उचलण्याचं काम पुढचा अ‍ॅक्सल करतो. किंग पिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या बोल्टभोवती वळतं ती, मागे झुकलेली असते, तो कॅस्टर. ती आतल्या बाजूलाही झुकलेली असते, तो किंग पिनचा कल. या दोन्हींमुळे स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. चेसिस पिळते आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात वजन सरकून आतलं मागचं चाक हलकं होतं. म्हणून मोटारीत कॅस्टर ३ ते ५ अंश चालतो, पण कार्टला १० ते १४ लागतो.

कुठलं ट्यूनिंग आधी जमवायचं, हेही यावरूनच ठरतं. कॅस्टर पहिला, मग ट्रॅकची रुंदी (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) आणि उंची. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) त्यानंतर. टो (वरून बघता दोन्ही चाकं पुढे किती उघडी किंवा मिटलेली आहेत ते) सगळ्यात शेवटी, पण तो सोडून चालत नाही.

२. सामान

पूर्ण गाडीसाठी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून:

- स्फेरिकल बेअरिंग (आतली कडी तिरकी होऊ शकते असं) जीई-१०-ई (१० x १९ मिमी): ४
- किंग पिनचे बेअरिंग ६०००-२आरएस (१० x २६ x ८): ४
- चाकाचे बेअरिंग ६००४-२आरएस (२० x ४२ x १२): ४
- एम-१० x ११० अ‍ॅलन बोल्ट, १२.९ ग्रेड, साध्या दांड्याचा भाग किमान ७६ मिमी: २, सोबत नायलॉक नट
- वॉशर, बाहेरून १६, आतून १०, जाडी बरोबर २ मिमी: २०
- शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) ०.१, ०.२ आणि ०.५ मिमी: थोडे थोडे
- रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा गोळीचा सांधा) एम-८, उजव्या आट्याचे २ आणि डाव्या आट्याचे २, दोन्ही प्रकारचे चेकनट
- ८ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट ब्रॅकेट आणि स्टिअरिंग आर्मसाठी
- ईएन-१९ (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद) चा २५ मिमी गोल बार स्टबसाठी, ३८ मिमी एमएस बार बॉससाठी (किंग पिनवर बसणारी स्टबची नळी), ५५ मिमी बार स्लीव्हसाठी
- टाय रॉडसाठी (स्टिअरिंगकडून स्टबच्या आर्मपर्यंत जाणारा दांडा) १६ मिमी हेक्स बार किंवा जाड भिंतीचा पाइप

अवजारांत ग्राइंडर, ड्रिल, व्हर्नियर, गुण्या, ओळंबा, टॉर्क रेंच, एक सपाट टेबल आणि चार घरगुती वजनकाटे. फोनमधलं कोन मोजायचं अ‍ॅप चालतं, पण आधी फोन उलटा धरून तेच माप पुन्हा घ्या. दोन्ही आकडे जुळले तरच त्यावर विश्वास ठेवा.

कागदपत्रं दोनच. स्पर्धेला जाणार असाल तर त्या वर्षीचं नियमपुस्तक, कारण पाइपची किमान जाडी आणि बोल्टची ग्रेड त्यात दिलेली असते आणि तपासणीत तीच बघतात. दुसरं म्हणजे बार घेताना मटेरियल सर्टिफिकेट. ईएन-१९ म्हणून साधा एमएस गळ्यात पडला तर डोळ्यांना फरक कळत नाही. कळतो तो स्टब वाकल्यावर.

३. जॉब कुठे करायचा

लेथ आणि बोअरिंग कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत सहज होतं. बार आणि हीट ट्रीटमेंटचा पर्याय कमी पडला तर शिरोली एमआयडीसी फार लांब नाही. वेळेचं गणित मात्र सांभाळा. दसऱ्याच्या आसपास आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या आणि अंगद गाड्यांच्या दुरुस्तीत बुडालेले असतात. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर तुमच्या दोन ब्रॅकेटला कोणी हात लावत नाही. वेल्डिंगची कामं पावसाळ्यातच उरका.

आणि ट्रॉलीच्या वेल्डरकडे कार्ट नेताना एक गोष्ट स्पष्ट सांगा. पाइप २ मिमीचा आहे, ४ मिमीचा रॉड आणि ट्रॉलीचा करंट इथे चालणार नाही. जमलं तर सीओटू वेल्डिंगच घ्या. आर्क ८ मिमीच्या प्लेटवर रोखायचा आणि वितळलेलं पाइपकडे ओढायचं. उलट केलं की पाइपला भोक पडतं. ते भरून काढलं तरी ती जागा कच्चीच राहते.

४. सी-ब्रॅकेट

ब्रॅकेट म्हणजे मागची एक प्लेट आणि तिला काटकोनात वर-खाली दोन प्लेट. तिन्ही ८ मिमीच्या, रुंदी ५५. वरच्या-खालच्या प्लेटमधली मोकळी जागा ५७ मिमी, म्हणजे दोन स्फेरिकल बेअरिंगच्या मध्यांतलं अंतर ६५ मिमी येतं. हा ६५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

आधी तिन्ही प्लेट जोडून घ्या, पूर्ण वेल्ड करा, थंड होऊ द्या. बोअर त्यानंतर आणि एकाच सेटिंगमध्ये: वर ३० मिमी आरपार, खाली १९ मिमी. वेल्डच्या आधी बोअर केलं तर उष्णतेने प्लेट ओढल्या जातात आणि दोन भोकं एका रेषेत राहत नाहीत.

खालच्या प्लेटमधलं १९ चं बोअर आरपार नको. खालून ७ मिमी खोल जायचं आणि वर १ मिमीचा ओठ ठेवायचा, त्याचं भोक १७ मिमीचं. जमीन चाकाला वर ढकलते, चाक स्टबला, स्टब बेअरिंगला. म्हणजे बेअरिंग प्लेटमधून वरच्या दिशेने निसटायला बघतं. ओठ वर असेल तर भार धातूवर येतो. तो खाली ठेवला तर सगळा भार चिकटवण्यावर आणि पंचच्या खुणांवर येईल. बेअरिंग बसवताना लॉकटाइट ६३८ लावा आणि खालून तीन जागी पंच मारा. बेअरिंग बसल्यावर त्या ब्रॅकेटवर वेल्डिंग नाही, टॅकसुद्धा नाही.

५. एक्सेंट्रिक स्लीव्ह

अ‍ॅडजस्टमेंटचा खरा भाग हाच. बरेच जण वरच्या प्लेटमध्ये लांबट खाच पाडतात आणि बोल्ट आवळून भागवतात. असं करू नका. बोल्टची पकड घर्षणावर असते. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) एक दणका बसला की बोल्ट खाचेत सरकतो, आणि कुठून कुठे सरकला याची नोंदही राहत नाही.

त्याऐवजी ३० मिमी बाहेरच्या व्यासाची स्लीव्ह करा, वर ५० मिमीची फ्लँज. आतलं १९ चं बोअर केंद्रापासून बाजूला सरकवलेलं, वर तसाच १ मिमीचा ओठ. खोली अशी ठेवा की बेअरिंगचा मध्य प्लेटच्या जाडीच्या मध्याशी येईल. फ्लँजवर ४० मिमीच्या वर्तुळात ४५ अंशांवर आठ भोकं, आणि प्लेटमध्ये समोरासमोर दोन एम-६ आटे. स्लीव्ह फिरवायची, दोन ८.८ ग्रेडचे बोल्ट लावायचे. जागा ठरलेली आणि पुन्हा तंतोतंत तीच मिळणारी.

प्रत्येक बाजूला तीन स्लीव्ह करून घ्या: ० मिमी, १ मिमी आणि २ मिमी सरकवलेल्या. ६५ मिमीच्या अंतरावर १ मिमी म्हणजे जवळजवळ ०.९ अंश आणि २ मिमी म्हणजे पावणेदोन अंश. मूळ कॅस्टर १२ अंश असेल तर २ मिमीची स्लीव्ह मागे फिरवल्यावर पावणेचौदा होतो, पुढे फिरवल्यावर सव्वादहा. स्लीव्ह आतल्या बाजूला वळवली तर कॅस्टर तोच राहतो आणि कॅम्बर निगेटिव्ह होतो, म्हणजे चाक वरून आत झुकतं. तिरकी ठेवली तर दोन्ही थोडे थोडे बदलतात. सुरुवातीला तिरक्या जागा वापरू नका, कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

फ्लँजच्या वरच्या बाजूला, बोअर ज्या दिशेला सरकवलं आहे तिथे पंचचा ठिपका मारा. डावी आणि उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब आहेत: 'मागे' दोन्हीकडे मागेच, पण 'आत' डावीकडे उजवीकडे होतं आणि उजवीकडे डावीकडे. ठिपका नसेल तर घाईत एका बाजूचा कॅस्टर वाढतो, दुसरीकडचा कमी होतो, आणि गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते.

किंग पिन तिरकी होते म्हणूनच वर-खाली स्फेरिकल बेअरिंग हवेत. साध्या भोकांत बोल्ट तिरका घातला तर तो कडांवर घासतो, स्टिअरिंग जड होतं आणि बोल्टला खाच पडते. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

६. स्टब आणि बॉस

बॉस ४४ मिमी उंच, बाहेरून ३६. दोन्ही टोकांना ६००० बेअरिंगसाठी २६ x ८ चे खळगे, मध्ये २८ मिमी लांबीचा स्पेसर. स्टबचा दांडा २० मिमी. १७ मिमीचे तयार हब मिळतात, पण घरगुती बांधणीत २० बरा, वाकण्याविरुद्धची ताकद दीडपटीहून जास्त होते.

- दांड्याची जिथून पायरी सुरू होते तिथे लेथवाल्याला २ मिमीची गोलाई ठेवायला सांगा. काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो आणि चाक निखळतं. बेअरिंग त्या गोलाईवर चढू नये म्हणून पायरीशी आतून चांफर मारलेला (कड तिरकी कापलेला) स्पेसर लावा.
- किंग पिन १० अंश आत झुकलेली आणि कॅम्बर शून्य हवा, तर बॉसच्या वरच्या दिशेपासून दांड्यापर्यंतचा कोन १०० अंश. ९० अंशांत जोडलेला स्टब हमखास आढळतो, आणि मग चाक १० अंश तिरकं उभं राहतं.
- ईएन-१९ थंड असताना वेल्ड करू नका. सुमारे २५० अंशांपर्यंत तापवा, कोरडे ७०१८ रॉड वापरा, नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश थंड होऊ द्या. पाण्यात बुडवलं की वेल्डशेजारी केसासारखा तडा ठरलेला.
- बेअरिंगचे खळगे वेल्डिंगनंतर फिनिश करा.

दांड्याच्या टोकाला एम-१६ x १.५ चे आटे, कॅसल नट आणि स्प्लिट पिन. ट्रॅकची रुंदी बदलण्यासाठी ५ आणि १० मिमीचे स्पेसर मिळून ३० मिमी जागा ठेवा. हबची लांबी ६० धरली तर साधा दांडा ८९ मिमी असावा, ९० नाही. एक मिलिमीटर आखूड असल्याशिवाय नट स्पेसरला आवळत नाही, आट्यांच्या शेवटी जाऊन अडतो, आणि चाकात प्ले (ढिलेपणा) राहतो.

७. स्टिअरिंग आर्म

वरून बघा: किंग पिनच्या मध्यापासून आर्मच्या भोकातून मागे रेघ ओढली की ती मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर पडली पाहिजे. दोन किंग पिनमध्ये ८२० मिमी आणि व्हीलबेस १०५० असेल तर हा कोन सुमारे २१ अंश. १०० मिमीच्या आर्मचं भोक मग किंग पिनच्या रेषेपासून ३६ मिमी आत येतं. यामुळे आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. आर्मवर ९० आणि १०० अशी दोन भोकं ठेवलीत तर स्टिअरिंग हलकं-जड करता येतं.

८. चेसिसवर जोडणी

चेसिस टेबलवर क्लॅम्प करा, टेबल पातळीत आहे का बघा. ब्रॅकेटच्या दोन्ही बोअरमध्ये लेथवर केलेले डमी बुश घाला आणि त्यांतून १० मिमीचा सरळ ब्राइट बार वरपर्यंत जाऊ द्या. आता ओळंबा धरा. बारवर खालून ३०० मिमी उभ्या उंचीवर तो ६४ मिमी मागे आणि ५३ मिमी आत झुकलेला असेल तर कॅस्टर १२ आणि कल १० अंश. दोन्ही बाजूंचे बार समोरून आणि बाजूने एकमेकांशी जुळवून बघा. अंशापेक्षा डावी-उजवी सारखी असणं महत्त्वाचं. दोन्हीकडे साडेअकरा चालेल, एकीकडे १२ आणि दुसरीकडे ११ नाही.

मग चार टॅक. पुन्हा मोजा. नंतर एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला थोडं असं वेल्ड करत जा, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. एका दमात पूर्ण फेरा मारला तर कोन सहज अंशभर हलतो. पाइप आणि मागच्या प्लेटमध्ये त्रिकोणी गसेट (आधाराची प्लेट) द्या.

९. जुळणी

बोल्ट वरून खाली. क्रम असा: बोल्टचं डोकं, वॉशर, वरचं स्फेरिकल, उंचीचे ३ वॉशर, बॉस, उंचीचे ३ वॉशर, खालचं स्फेरिकल, ३ वॉशर, नायलॉक. खालचे जादा वॉशर यासाठी की बोल्टचा साधा दांडाच बेअरिंगमध्ये राहावा, आटे राहू नयेत.

नट आवळण्याआधी वॉशरची थप्पी बोटांनी चाचपून बघा. मोकळी असेल तर शिम घाला. मोकळी थप्पी तशीच आवळली तर बोल्ट दोन प्लेटना आत ओढतो, स्फेरिकलवर आडवा ताण येतो आणि चाक हाताने फिरत नाही. ठीक जमलं की टॉर्क ४० न्यूटन मीटर. स्टब आपल्या वजनाने पडेल इतका मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलवल्यावर टक् आवाज येता कामा नये.

उंची बदलायची तर एक वॉशर खालून काढून वर घाला, चेसिसचं नाक २ मिमी वर येतं. दोन्हीकडे किमान एक वॉशर राहू द्या, नाहीतर बॉस प्लेटवर घासतो.

१०. टाय रॉड

एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. मग रॉड एंड न काढता रॉड फिरवूनच लांबी बदलते. आटे आत किमान १२ मिमी गेलेले हवेत, म्हणून रॉडच्या दोन्ही टोकांना १२ मिमीवर छोटं भोक पाडा. त्यातून आटे दिसले नाहीत तर रॉड एंड कमी आत आहे. रॉड एंडचा बोल्ट दोन कानांमध्ये बसवा. एकाच कानावर लटकवणं भागच असेल तर बाहेरून मोठा वॉशर घाला, गोळी निसटली तरी रॉड सुटणार नाही.

११. सेटिंग, याच क्रमाने

चालक सीटवर बसलेला, टाकीत पेट्रोल, चारही टायरमध्ये ठरलेली हवा. रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग चालक बसताच बदलतं.

क) दोन्हीकडे ० मिमीच्या स्लीव्ह, ३-३ वॉशर, सारखे स्पेसर.

ख) चार वजनकाट्यांवर गाडी. पुढे साधारण ४० ते ४३ टक्के वजन हवं. पुढच्या डाव्या-उजव्यात फरक असेल तर एका बाजूचा वॉशर वर-खाली करा. काटे ठेवलेली फरशी पातळीत नसेल तर हे सगळं व्यर्थ.

ग) कॅम्बर: रिमला गुण्या लावा. ५ इंची रिमवर वर-खाली २ मिमीचा फरक म्हणजे ०.९ अंश. शून्य ते एक अंश निगेटिव्ह ठीक.

घ) टो शेवटी, कारण वरचं काहीही बदललं की टो बदलतो. स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा, दोन्ही टायरच्या मधल्या रेषेतलं अंतर पुढे आणि मागे अ‍ॅक्सलच्या उंचीवर मोजा. पुढे २ मिमी जास्त असू द्या. एम-८ रॉडचा एक पूर्ण फेरा लांबी अडीच मिमी बदलतो आणि १०० मिमीच्या आर्मवर तो टायरशी सहा मिमीहून जास्त दिसतो. म्हणून पाव फेरा फिरवा, मोजा, आणि दोन्ही रॉड सारखेच फिरवा. शेवटी चेकनट.

१२. ट्रॅकवर काय दिसलं तर काय बदलायचं

वळणात शिरताना नाक बाहेर जातं: कॅस्टर वाढवा, किंवा पुढची चाकं दोन्हीकडे ५ मिमी बाहेर काढा. चाक बाहेर गेलं की उचलण्याचा परिणाम वाढतो, पण स्टबवरचा भारही वाढतो.

मागचं आतलं चाक उड्या मारतं, किंवा वळणातून निघताना गाडी अडखळते: चाक जास्त उचललं जातंय, कॅस्टर कमी करा.

स्टिअरिंग दोन-तीन फेऱ्यांतच हातांना जड: कॅस्टर जास्त, किंवा कुठेतरी बेअरिंग अडकतंय. चाकं उचलून हाताने फिरवून बघा, मग ठरवा.

सरळ रस्त्यावर नाक थरथरतं: आधी रॉड एंडमधला प्ले तपासा, मग टो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत स्लीव्हचा आकडा, ठिपक्याची दिशा, वॉशर, स्पेसर, टो असं लिहून ठेवा. ट्रॅकसाठी कोल्हापूर जवळ आहे. नाहीतर कॉलेजचं मैदान परवानगी घेऊन. सांगली-मिरज रोडवर किंवा बायपासवर चाचणी नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही.

पहिल्या दहा मिनिटांच्या चाचणीनंतर गाडी थांबवा. किंग पिनचे नट, स्लीव्हचे एम-६ बोल्ट आणि चेकनट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, प्रत्येकावर पेंटची रेघ ओढा. स्टबच्या गोलाईपाशी आणि गसेटच्या टोकांना डाय पेनेट्रंट मारून तडे बघा. स्प्रेचे तीन डबे लागतात, क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर तो स्टब पुन्हा वेल्ड करू नका, नवीन करा.